वाढवून दाखविलेले सत्य

शास्त्रीय संशोधनाची एखादी मोठी प्रयोगशाळा सामान्य माणसाला हलत्या रेखाचित्रांच्या साहाय्याने समजावून द्यावी, असे कोणी मनात आणले, तर त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती पैशाची नव्हे, आणि कौशल्याचीही नव्हे. ती असते प्रमाणाची. कोणती वस्तू किती मोठी दाखवावयाची, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो चित्रकाराच्या फूटपट्टीचा प्रश्न वाटतो. परंतु थोडे खोल गेले म्हणजे ध्यानात येते, की तो मुळात प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. अशा चित्रपटांचा इतिहास थोडक्यात सांगून त्या प्रश्नाचा विचार श्रोत्यांपुढे मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

हा विषय आजच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण मराठी मुलखातच आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याचे ठरले असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. 'लायगो-इंडिया' हे तिचे नाव. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. हैदराबादच्या जुन्या मंडळींना हिंगोलीचे नाव तेथील लष्करी छावणीमुळे परिचित असेल. इंदूरकरांचाही ह्या योजनेशी संबंध आहे. कारण त्यांच्या गावचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे पुण्याची 'आयुका' आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्याबरोबरीने ह्या कामातील एक भागीदार आहे. ही वेधशाळा लोकांना समजावून देण्याचे काम आज ना उद्या कोणा चित्रकाराकडे येणारच. तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, ते आपण पाहू.

ह्या वेधशाळेत रूढ अर्थाची दुर्बीण नाही. काटकोनात मिळणाऱ्या दोन लांबलचक भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटरांच्या. त्यांतून गेलेली निर्वात नळी. नळीत अत्यंत काळजीपूर्वक टांगलेले, प्रत्येकी ४० किलो वजनाचे काचेचे आरसे. आणि एका लेसर किरणाचे दोन भाग करून ते दोन भुजांत धाडण्याची व परत आल्यावर एकत्र आणण्याची योजना, हे तिचे मुख्य अवयव. दोन्ही भुजा जशाच्या तशा राहिल्या, तर परत आलेले दोन किरण एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात आणि दर्शकावर अंधार राहतो. गुरुत्वीय लहर आली म्हणजे एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखूड होते आणि पुढल्याच क्षणी ह्याच्या उलट घडते. किरणांचा मेळ बिघडतो आणि अंधारात थोडा प्रकाश पाझरतो. त्या प्रकाशाच्या चढउतारांत लहरीची सारी हकीकत लिहिलेली असते.

अशी दोन यंत्रे अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरांवर, आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या दोघांनी पहिली लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती गरगरत शेवटी एक झाली होती. घटना शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची. पृथ्वीवर तिची खूण उमटली ती जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही वार्ता जगाला सांगण्यात आली, आणि २०१७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक रायनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना मिळाले.

आता चित्रकाराची अडचण पाहा. त्या दिवशी ४ किलोमीटरांच्या भुजेत पडलेला फरक अणूच्या गर्भातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. एकावर एकवीस शून्ये दिल्यावर जी संख्या होते, तितके भुजेचे भाग करावे, आणि त्यांतला एक भाग घ्यावा. इतका तो फरक. पाहणाऱ्याच्या नजरेस यावा म्हणून चित्रकाराने तो पडद्यावर एक सेंटिमीटर दाखविला, असे समजू. त्याच प्रमाणात भुजाही काढावयाची, तर तिची लांबी सुमारे १,००० प्रकाशवर्षे भरेल! उलट भुजा कागदावर मावेल अशी काढली, तर फरक उरतच नाही. म्हणजे प्रमाण पाळून ह्या यंत्राचे चित्र काढणे केवळ अवघड नाही, ते अशक्य आहे. जो कोणी हे यंत्र चालताना दाखवील, त्याला काहीतरी अवाच्या सवा वाढवावेच लागेल. मग अशा वाढविण्याला खोटे म्हणावयाचे काय?

हा प्रश्न आपल्याकडे चित्रपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. धुंडिराज गोविंद फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर वडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन परत आले. 'राजा हरिश्चंद्र' हातात घेण्यापूर्वी त्यांनी एक लहानशी चित्रफीत तयार केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला, आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. महिन्याहून अधिक काळ हे व्रत चालले. पडद्यावर मात्र अंकुर फुटून वेल वर चढण्यास मिनिटभर पुरले. 'अंकुराची वाढ' ह्या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ती करमणुकीसाठी नव्हती. चित्रपट हा काय प्रकार आहे आणि आपण तो करू शकतो, हे पैसे देणाऱ्या माणसाला पटावे, ह्यासाठी ती होती. आणि ती पाहूनच भांडवल उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे १९१५ च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या एकेक चित्रागणिक थोड्याथोड्या सरकवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली; निर्जीव वस्तूंना चालते करण्याची युक्तीही त्यांनी अशी हस्तगत केली.

फाळक्यांनी महिन्याचे मिनिट केले. हेही प्रमाण मोडणेच होय. पण त्यांना कोणी लबाड म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण वाटाणा मिनिटात वाढत नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होते. चित्राने काळ आवळला. प्रेक्षकाने तो मनातल्या मनात पुन्हा सैल केला. प्रोटॉनच्या बाबतीत हे घडत नाही. भुजा खरोखरी किती लांबते, ह्याची कल्पना शेतकऱ्याला नाही, वकिलाला नाही, आणि मास्तरांनाही नाही. पडद्यावर ती रबरासारखी ताणलेली दिसली, तर ती तशीच ताणते असे तो धरून चालणार. फरक आहे तो इथे. जेथे प्रेक्षकाला खरे प्रमाण माहीत असते, तेथे अतिशयोक्ती ही अलंकार असते. जेथे ते माहीत नसते, तेथे न सांगता केलेली अतिशयोक्ती ही फसवणूक ठरते.

विज्ञानाच्या चित्रपटाने पुढे जी वाटचाल केली, तिच्यात ही सीमारेषा पुन्हा पुन्हा आडवी आलेली दिसते. १९२२ साली जर्मनीत हान्स वाल्टर कॉर्नब्लूम यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर एक मोठा चित्रपट तयार केला. त्याच्या आधारे पुढल्या वर्षी अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी एक आटोपशीर चित्रपट काढला. गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्येच केले होते. परंतु त्या टिपणारे यंत्र अस्तित्वात नसल्यामुळे यंत्राचा चित्रपट होण्याचा प्रश्न नव्हता. चित्रकारापुढे होता तो केवळ विचार. फ्लायशर यांच्या चित्रपटाने वर आणि खाली, जलद आणि मंद अशा रोजच्या वापरातल्या शब्दांपासून आरंभ केला व हे शब्दही पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतात, हे दाखवीत तो पुढे गेला. प्रेक्षक जेथे उभा आहे तेथून त्याचा हात धरावयाचा, हा धडा तेव्हाच घालून दिला गेला.

दुसरा धडा १९५७ चा. त्या वर्षी जानेवारीत डिस्ने यांचा 'अवर फ्रेंड द ॲटम' हा कार्यक्रम अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. हाइन्झ हाबर ह्या शास्त्रज्ञाने तो सादर केला. शेकडो उंदीरसापळ्यांवर पिंगपाँगचे चेंडू ठेवून, एक चेंडू टाकताच सारे सापळे धडाधड उडतात, हे प्रत्यक्ष दाखवून त्यांनी अणूची साखळी-प्रक्रिया समजावली; त्यापेक्षा सुबोध दृष्टांत क्वचितच सापडेल. पण त्याच कार्यक्रमाचा सारा सांगाडा अरबी कथेतील कोळी व बाटलीतला राक्षस ह्यांच्यावर उभारलेला होता. अणू हा राक्षस. तो वश झाला की आपला मित्र. चित्रे इतकी मोहक, की राबणाऱ्या राक्षसाच्या मागे उरणाऱ्या किरणोत्सारी राखेचे काय करावयाचे, हे विचारण्याचे प्रेक्षकाला सुचू नये. सापळ्यांचा दृष्टांत विचाराला चालना देत होता. राक्षसाचा दृष्टांत विचार थांबवीत होता. दोन्ही एकाच हातून, एकाच तासात घडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच सुमारास मुंबईला फिल्म्स डिव्हिजन ह्या सरकारी संस्थेने आपला व्यंगचित्रपट विभाग सुरू केला. डिस्ने यांच्याकडे 'बॅम्बी'सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये शिकविण्यासाठी आले, आणि १९५७ मध्ये 'द बनियन डीअर' ही जातककथा तयार झाली. जी. के. गोखले, राम मोहन आदी कलावंत ह्या विभागात पुढे आले. हाताने चित्रे काढण्याच्या त्या काळातील कष्टांचा हिशेब करून पाहावा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. एक चित्र दोनदा वापरले, तरी सहा मिनिटांसाठी ४,३२० चित्रे काढावी लागतात. चित्रे काढून झाल्यावर शास्त्रज्ञ म्हणाला, की किरण डावीकडून नव्हे, उजवीकडून येतो, तर आठवड्यांचे काम वाया गेले! म्हणून ह्या धंद्यात एक शिस्त उत्पन्न झाली. आधी मजकूर पक्का करावयाचा. मग प्रसंगांची कच्ची चित्रे क्रमाने भिंतीवर टाचून सर्वांनी त्यांवर वाद घालावयाचा. नंतर निवेदकाचा आवाज मुद्रित करावयाचा. आणि त्या आवाजाच्या मापाने शेवटी चित्रे काढावयाची. आज संगणकामुळे चूक सुधारणे सोपे झाले आहे. परंतु भिंतीपुढचा तो वाद टाळला, तर आजही चित्रपट बिघडतो.

संगणकाने आणखी एक मोठा पालट घडविला, आणि तोही एका प्रयोगशाळेतच. १९६३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एडवर्ड झाजॅक यांना, उपग्रहाची एक बाजू सतत पृथ्वीकडे राहील काय, हे जाणावयाचे होते. त्यांनी गणित संगणकाला घातले आणि उत्तर आकड्यांच्या रकान्यांऐवजी चित्रांच्या रूपाने फितीवर उतरविले. पृथ्वीभोवती डुलत डुलत फिरणारी एक पेटी पडद्यावर दिसू लागली. संगणकाने काढलेल्या पहिल्यावहिल्या चित्रपटांत ह्याची गणना होते. येथे चित्र हे गणिताचे स्पष्टीकरण नव्हते. चित्र हेच गणिताचे उत्तर होते. चित्रकाराच्या लहरीला त्यात जागा उरली नव्हती.

मग प्रामाणिकपणाचा प्रश्न सुटला काय? नाही, तो अधिक सूक्ष्म झाला. १९७९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-पिएर ल्युमिने यांनी, कृष्णविवराभोवती तप्त वायूची तबकडी फिरत असेल तर ती दुरून कशी दिसेल, ह्याचे गणित प्रसिद्ध केले. गणित संगणकाचे, पण चित्र उमटविण्याचे साधन हाताशी नसल्यामुळे त्यांनी ते शाईच्या असंख्य ठिपक्यांनी स्वतःच्या हाताने काढले. त्या चित्रात तबकडीची एक बाजू झगझगीत आणि दुसरी मंद आहे. कारण आपल्याकडे धावत येणारा वायू अधिक तेजस्वी दिसतो. पुढे २०१४ मध्ये 'इंटरस्टेलर' ह्या चित्रपटासाठी किप थॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली असेच गणित मोठ्या प्रमाणावर करण्यात आले. परंतु एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी दिसली तर प्रेक्षक गोंधळतील, म्हणून पडद्यावर दोन्ही बाजू सारख्या तेजाच्या ठेवण्यात आल्या. ही तडजोड थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लपविली नाही. काय गाळले, का गाळले आणि न गाळता चित्र कसे दिसले असते, हे त्यांनी २०१५ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून टाकले. १० एप्रिल २०१९ रोजी एका दूरच्या दीर्घिकेतील कृष्णविवराचे जे पहिले चित्र प्रसिद्ध झाले, त्यातील प्रकाशाचे कडे एका बाजूस अधिक उजळ होते. ल्युमिने यांचे हाताने टिंबलेले चित्र ह्या बाबतीत कोट्यवधी रुपयांच्या चित्रपटाहून सत्याच्या अधिक जवळ होते.

थॉर्न यांनी कबुली दिली, हे उत्तम झाले. मात्र ती कबुली शास्त्रज्ञांच्या नियतकालिकात होती, चित्रपटगृहात नव्हती. कथाचित्रपटाला हे क्षम्य आहे. समजावून सांगण्यासाठीच जो चित्रपट काढावयाचा, त्याला ती सवलत नाही. त्याची कबुली त्याच पडद्यावर, त्याच भाषेत आणि त्याच श्रोत्याला दिली गेली पाहिजे.

आता आपल्या वेधशाळेच्या चित्रपटाकडे परत येऊ. त्यात तीन ठिकाणी चित्रकार घसरण्याचा संभव आहे. पहिले ठिकाण भुजांचे. ते वर सांगितले. दुसरे ठिकाण अवकाशाच्या चादरीचे. ताणलेल्या चादरीवर दोन गोळे फिरत आहेत आणि चादरीवर तरंग उठत आहेत, हे चित्र आता घरोघर पोहोचले आहे. पण चादर खालीवर हलते. गुरुत्वीय लहर तशी नसते. ती ज्या दिशेने जाते, तिला आडव्या असणाऱ्या दोन दिशांत ती वस्तूंमधील अंतरे आळीपाळीने ताणते व आवळते. चादर पाहून समाधान पावलेला प्रेक्षक पुढे भुजांकडे येतो, तेव्हा एक लांब आणि दुसरी आखूड का होते, हे त्याला उमगतच नाही. तिसरे ठिकाण आवाजाचे. २०१५ च्या त्या लहरीची कंपने सेकंदाला सुमारे ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. ही कंपने मनुष्याच्या कानाच्या टप्प्यात येतात. त्यामुळे यंत्राची नोंद ध्वनिवर्धकातून ऐकविता येते, आणि ती चढत जाणाऱ्या चुटक्या हुंकारासारखी ऐकू येते. ती अवश्य ऐकवावी. मात्र अवकाशातून आवाज आला, असे म्हणू नये. अवकाशाच्या कंपनाला आपण आवाजाचे रूप दिले, असे म्हणावे. एका वाक्याचा फरक आहे, पण त्या एका वाक्यात शास्त्र आहे.

आणि भुजांचे काय करावे? मला एक उपाय सुचतो. प्रथम पडद्यावर खऱ्या प्रमाणातील चित्र ठेवावे आणि लहर येऊ द्यावी. काहीही हलणार नाही. निवेदकाने शांतपणे सांगावे, की ह्या क्षणी भुजा हलत आहे, आपणांस ते दिसणे शक्य नाही. पाच सेकंद ते निश्चल चित्र तसेच राहू द्यावे. त्यानंतर किती पटींनी वाढवीत आहोत, हे शून्यांसकट पडद्यावर लिहावे आणि मगच भुजा ताणाव्या. हालत्या चित्रांच्या कलावंताला पाच सेकंद काहीच न हलविणे जड जाईल. पण साऱ्या चित्रपटात यंत्राची थोरवी पटविणारा दुसरा क्षण नसेल.

यंत्र इतके हळवे, म्हणून ते साऱ्या गोंगाटाने पछाडलेले असते. वारा, रस्त्यावरचे ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, भूमीची कुरकुर, सारे त्याला जाणवते. ह्या गलबल्यातून खरी लहर ओळखावयाची कशी? लहर कशी असेल ह्याचे असंख्य नमुने गणिताने आधीच तयार ठेवावयाचे आणि नोंदीशी ताडून पाहावयाचे, ही त्यासाठीची एक महत्त्वाची रीत. तिच्या घडणीत पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. चित्रपटाला येथे दृष्टांत शोधावा लागणार नाही. जत्रेच्या कोलाहलात आई आपल्या मुलाची हाक ओळखते, ती कशी? हाकेचा नमुना तिच्या कानात आधीपासून असतो म्हणून. हा दृष्टांत विचार थांबवीत नाही. तो शास्त्राच्या दारापर्यंत नेऊन सोडतो.

हे सारे बारकावे पंडितांचे चोचले आहेत, असे कोणास वाटेल; म्हणून एक कटू उदाहरण सांगतो. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो कणांची वेधशाळा उभारण्यास केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली. न्यूट्रिनो हे कण अहोरात्र आपल्या शरीरातून आरपार जात असतात आणि त्यांचा उपद्रव होत नाही. तरीही परिसरात किरणोत्साराचे भय पसरले, विरोध झाला, न्यायालयात प्रकरणे गेली, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोधच नोंदविला. येथे न्यायाने बोलले पाहिजे. विरोधकांचे सारेच आक्षेप अज्ञानातून आलेले नव्हते. डोंगर, पाणी, अरण्य आणि वन्य प्राणी यांविषयीचे त्यांचे प्रश्न खरे होते, आणि असे प्रश्न कोणत्याही चित्रपटाने मिटत नाहीत. परंतु भय आणि प्रश्न हे एकदा एकमेकांत मिसळले, की दोन्ही वेगळे करणे कठीण होते. समजावणे उशिरा आले, म्हणजे ते समजावणे राहत नाही. ते समर्थन होऊन बसते.

हिंगोलीच्या बाबतीत हा विचार अगदी निकडीचा आहे. त्या भागात भूकंपाचे सौम्य धक्के अधूनमधून बसतात. २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. अशा ठिकाणी, भूमीची अतिसूक्ष्म हालचाल ज्याला जाणवते असे यंत्र येणार म्हटल्यावर कोणीतरी गावकरी विचारणारच, की हे यंत्र आमची जमीन हलवील काय? प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर असे, की हे यंत्र जमीन हलवीत नाही, जमिनीत काही सोडत नाही, आकाशात काही धाडत नाही. ते फक्त ऐकते, आणि जमीन हलली तर त्याचाच खोळंबा होतो. हे उत्तर चित्रपटात पहिल्या मिनिटात आले पाहिजे, शेवटी नव्हे. त्याचबरोबर, ऐकणाऱ्या यंत्राला शेजारी शांतता लागते. जड वाहने आणि खाणीतले सुरुंग त्याला सोसत नाहीत, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांना काही सोसावे लागेल काय, हेही आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. जो चित्रपट केवळ लाभ सांगतो, त्याची गणना विज्ञानात होत नाही, जाहिरातीत होते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. इंग्रजीत चित्रपट करावयाचा आणि वरून मराठी आवाज चढवावयाचा, ही सोयीची रीत. पण तिने काम भागत नाही. चित्रे आवाजाच्या मापाने काढलेली असतात. भाषा बदलली की माप बदलते आणि वाक्ये चित्रांमागे फरफटत जातात. सावकाश बोलले तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. म्हणजे सहा मिनिटांच्या चित्रपटाला सहाशे शब्द. माझे हे भाषणच त्याच्या चौपट आहे! त्या सहाशे शब्दांतील प्रत्येक शब्द मराठीतच जन्मलेला असावा. आपल्याला शब्दांची वाण नाही. कोल्हापुरास जन्मलेले आणि काशीस वाढलेले जयंत नारळीकर यांनी आयुष्यभर खगोलशास्त्र मराठीत लिहून ही वाट रुंद करून ठेवली आहे. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत आणि सापेक्षतेवर संशोधन करीत. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या माणसाने मराठी विज्ञानाला एवढे दिले, ही गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना विशेष अभिमानाची वाटल्यावाचून राहणार नाही.

औंढा नागनाथ हे मोठे जुने क्षेत्र. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते येथे, असे परंपरा सांगते. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी दटावले, तेव्हा ते म्हणाले, की जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. विसोबांनी जे केले, तेही एक धिटाईचे चित्रच होते; न दिसणारी गोष्ट दाखविण्यासाठी वाढवून केलेले. पण शिष्याला त्यांनी त्या चित्रापाशी सोडून दिले नाही. त्याचा अर्थ स्वतः सांगितला.

उद्या ह्याच क्षेत्राजवळच्या वेधशाळेचा चित्रपट कोणी तयार करील, तर त्याने भिंतीवर टाचलेली कच्ची चित्रे आधी औंढ्याच्या एखाद्या शाळेत न्यावी आणि मुलांचे व त्यांच्या आईबापांचे प्रश्न लिहून घ्यावे. रंग त्यानंतर भरावे. आणि चित्रपट पुरा झाल्यावर, जेथे जेथे काही वाढविले असेल, तेथे तेथे किती वाढविले, ते पडद्यावर मराठीत लिहावे. ज्यांनी जमीन दिली आणि ज्यांच्या करातून पैसा आला, त्यांना एवढा हिशेब मिळाला पाहिजे.